कंपनीने बसवलेल्या यंत्रणेचा बास पुरतो का? खान्देशातील गाडीधारकांचे अनुभव

नवी गाडी घेताना रंग, मायलेज आणि हप्ता यांची चौकशी बारकाईने होते; संगीतयंत्रणेची चौकशी मात्र शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीत, काचा बंद करून, विक्रेत्याने निवडलेल्या एखाद्या गाण्यावर आटोपते. तेथे बास भरदार वाटतो. तीच गाडी पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात ऐंशीच्या वेगाने धावू लागली की ताल ऐकू येतो, पण ढोलाचा दणका अंगाला लागत नाही, असे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील अनेक जण सांगतात.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने) ऐकतो आणि त्यातील २५० हर्ट्झच्या खालच्या भागाला आपण ढोबळपणे बास म्हणतो. मात्र १०० हर्ट्झचा ठोका आणि ४० हर्ट्झचा छातीत जाणवणारा दणका या निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते कंपनीची यंत्रणा यांपैकी पहिली गोष्ट बऱ्यापैकी देते आणि दुसरी सहसा देत नाही. हे मत खोडून काढणारे अनुभव आले तर ते अधिक आवडीने वाचेन. लिहिताना गाडीचे इंजिन कोणते, स्पीकर किती, रस्ता कसा आणि आपण ऐकता काय, एवढे कृपया नमूद करावे. दुकानांची आणि व्यक्तींची नावे टाळावीत.

जळगाव. पेट्रोल हॅचबॅक, चार स्पीकर, मधली श्रेणी

शहरात बास पुरतो, महामार्गावर पुरत नाही, हे माझे सरळ उत्तर आहे. कामानिमित्त धुळ्याकडे सतत जाणे होते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा एसीचा पंखा सर्वांत वरच्या वेगावर ठेवल्याशिवाय गाडीत बसवत नाही, आणि त्या घरघरीतच निम्मे संगीत विरून जाते. मग आवाज वाढवावा लागतो. येथे मला एक गोष्ट खटकते: आवाज अर्ध्याच्या पुढे नेला की बास वाढायच्याऐवजी आवळल्यासारखा होतो आणि गायकाचा आवाज तेवढा पुढे येतो. यंत्रणेत बिघाड असावा अशी शंका आली होती. परंतु त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतही हेच घडते. याचे कारण कोणी सांगू शकेल का?

धुळे. वाहन अभियांत्रिकीचे अध्यापन, डिझेल सेडान, सहा स्पीकर

जळगावच्या भाऊंनी विचारले आहे तो बिघाड नसून योजना आहे. एखादा स्पीकर ८० हर्ट्झवर जेवढा आवाज देतो तेवढाच ४० हर्ट्झवर काढायचा असेल तर त्याच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. दरवाजातील साडेसहा इंची हलक्या स्पीकरला ते झेपत नाही. पडदा आपल्या मर्यादेला भिडून फाटका आवाज येतो आणि कालांतराने कॉइल (स्पीकरमधील तारेचे वेटोळे) जळते. म्हणून अनेक कंपन्या आवाज वाढेल तसा खालचा भाग आपोआप कमी करण्याची सोय डेकमध्येच, म्हणजे समोरच्या संगीतयंत्रातच, ठेवतात. उलट बाजूने, कमी आवाजात आपला कानच बासच्या बाबतीत मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली आलेखांनिशी दाखवून दिले. त्यामुळे कमी आवाजात बास कानाला कमी लागतो आणि मोठ्या आवाजात यंत्रणा तो आखडता घेते. समाधान मिळते ते मधल्या अरुंद पट्ट्यात.

दुसरा मुद्दा ताकदीचा. 'पन्नास वॉट गुणिले चार' हा आकडा क्षणिक कमाल ताकदीचा असतो. इंजिन चालू असताना गाडीच्या विद्युतप्रणालीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. एवढ्यावर, व्होल्टेज वाढवून घेणारा वेगळा अॅम्प्लिफायर नसेल तर, चार ओहमच्या स्पीकरला सलग मिळणारी ताकद विसेक वॉटच्या आसपासच राहते. ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणून थोडा जास्त वॉटचा डेक बसवून फारसा फरक पडत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनातील फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात दोनदा ज्वलन होते. म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्यांवर इंजिनाचा स्वतःचा मुख्य सूर सुमारे ६७ हर्ट्झवर येतो, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात तो ५० हर्ट्झवर येतो. ही नेमकी बासची जागा आहे. टायर आणि रस्ता यांतून आत येणारा आवाजही बहुतांशी खालच्याच स्वरांचा असतो. त्यामुळे महामार्गावर स्पीकर तेवढाच बास देत असला तरी या आवाजांच्या खाली तो झाकला जातो. गाडी बाजूला उभी करून, इंजिन बंद करून तेच गाणे त्याच आवाजावर ऐकले की हे लगेच लक्षात येते.

रावेर. डिझेल एसयूव्ही, चार स्पीकर

केळीच्या बागा आणि घर एवढाच माझा प्रवास. बातम्या आणि जुनी गाणी ऐकतो. कंपनीने दिले आहे त्यात मी पूर्ण समाधानी आहे आणि कोणताही खर्च करणार नाही.

भुसावळ. गाड्यांच्या विद्युतजोडणीचा व्यवसाय

गिऱ्हाईक येते ते बहुधा 'बारा इंची बुफर टाकून द्या' असे म्हणतच. बुफर म्हणजे सबवूफर, फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर. मी आधी दरवाजाचे पॅनेल उघडून दाखवतो, कारण बासचा मोठा भाग तेथेच वाया जातो. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. हे दोन्ही दाब एकमेकांना भेटले की खालचे स्वर नाहीसे होतात. घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती याचसाठी. गाडीच्या दरवाजात आतल्या पत्र्याला काच, कडी आणि वायरिंगसाठी मोठमोठी भगदाडे ठेवलेली असतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांवर केवळ एक पातळ प्लास्टिक चिकटवलेले असते. शिवाय बाहेरचा पत्रा इतका पातळ असतो की ठोक्यासरशी तो स्वतःच थरथरतो. अशा दरवाजात महागडा स्पीकर बसवला तरी बासमध्ये वाढ थोडीच दिसते.

उपाय असा की बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराचे डॅम्पिंग लावावे, आतल्या पत्र्याची भगदाडे बंद करावीत, स्पीकर आणि पत्रा यांच्यामधली फट फोमच्या कड्याने बुजवावी आणि खडखडणाऱ्या वायरी बांधून टाकाव्यात. दरवाजाच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती मात्र कधीही झाकू नयेत. ती बुजलेल्या दरवाजांना आतून गंज लागलेला मी पाहिला आहे. आणखी एक काळजी आपल्या भागासाठी विशेष. स्वस्त डांबरी शीट आपल्या मे महिन्यात, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, नरम होऊन ओघळते आणि तिचा वास महिनोन्महिने जात नाही. शीट ब्यूटिलचीच घ्यावी, ती कमी जागेत लावली तरी चालेल.

एवढे केले की कंपनीच्याच स्पीकरचा ६० ते १०० हर्ट्झमधला ठोका स्पष्ट आणि घट्ट होतो, आणि बुफर मागायला आलेल्यांपैकी बरेच जण तेवढ्यावर थांबतात. ज्यांना त्याखालचे हवे आहे त्यांना वेगळा बुफर लागणारच. दरवाजाकडून ती अपेक्षा ठेवू नये. तो लावताना वॉरंटीच्या गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर (वायर न कापता बसणारा तयार जोड) लावूनच जोडणी करून घ्या. बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरीचा फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच हवा. तो नसेल आणि वायर कोठे सोलवटून पत्र्याला लागली तर गाडीला आग लागू शकते, आणि या बाबतीत मी गिऱ्हाइकाचा रोष पत्करतो, पण तडजोड करत नाही.

अमळनेर. पखवाजवादन, पेट्रोल सेडान, सहा स्पीकर

येथे आतापर्यंत बास म्हणजे दणका असेच गृहीत धरलेले दिसते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो खोल, गोल स्वर आणला जातो तो मला गाडीत हवा असतो, आणि त्या स्वराला जोरापेक्षा थांबणे महत्त्वाचे असते. थाप पडली, स्वर उमटला आणि पुढच्या बोलाला जागा करून देऊन तो मिटला, असे झाले तरच भजनाची लय कानाला कळते. माझ्या गाडीच्या कंपनीच्या यंत्रणेत हे समाधानकारक ऐकू येते. अट एवढीच की इक्वलायझरमधला 'बास बूस्ट' बंद ठेवावा आणि बास मधोमध किंवा एखाद्या घराने वर असावा. बूस्ट लावला की सगळे बोल एकाच गुंजारवात बुडतात आणि डावी पुडी कोणती, उजवी कोणती, हे समजेनासे होते. मोठे बुफर लावलेल्या स्नेह्यांच्या गाड्यांतही मी हीच रेकॉर्डिंग ऐकली आहेत. तेथे आवाज पुष्कळ होता, पण पखवाज ओळखू येत नव्हता. भुसावळच्या भाऊंनी दरवाजाविषयी जे सांगितले ते मात्र मी नक्की करून घेणार आहे, कारण पत्र्याची थरथर मलाही जाणवते.

अक्कलकुवा. शिक्षक, डिझेल एसयूव्ही, सहा स्पीकर

सातपुड्यात काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तेथील मोठ्या ढोलांविषयी वेगळे सांगायला नको. तो नाद दूर अंतरावरून जमिनीतून पायांना कळतो. त्या ढोलांची ध्वनिफीत गाडीत लावली की फार निराशा व्हायची आणि मी तो दोष गाडीच्या यंत्रणेला देत असे. पुढे एका मित्राने त्याच होळीचे चांगल्या मायक्रोफोनवर केलेले रेकॉर्डिंग दिले. ते त्याच गाडीत, त्याच स्पीकरवर लावले तेव्हा ढोलाला अंग आले. मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात खालचे स्वर मुळातच फारसे येत नाहीत, आणि जोराचा ठोका पडला की मोबाइल आपोआप आवाज दाबून टाकतो. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या अहिराणी गाण्यांचेही बहुधा असेच होते, तर आजकालच्या लग्नांत वाजणाऱ्या अहिराणी गाण्यांत बास आधीच भरपूर चढवलेला असतो. म्हणून यंत्रणेची परीक्षा एकाच गाण्यावर करू नये. तरीही प्रत्यक्ष ढोलापाशी उभे राहून जे मिळते त्याच्या जवळपासही माझी गाडी पोहोचत नाही, हे खरे आहे.

चाळीसगाव. टर्बो पेट्रोल एसयूव्ही, सर्वांत वरची श्रेणी, कंपनीचाच सबवूफर

प्रास्ताविकातील मताला माझा अनुभव काही अंशी छेद देतो. माझ्या गाडीत कंपनीने नामांकित ध्वनिसंस्थेची यंत्रणा, वेगळा अॅम्प्लिफायर आणि मागे सबवूफर दिला आहे. ही पद्धत नवी नाही. बोस कंपनीने जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी अशी खास यंत्रणा १९८३च्या मॉडेलपासून दिली होती. आपल्याकडे आता मध्यम किमतीच्या एसयूव्हींतही ती मिळते. तिचा मोठा फायदा असा की त्या विशिष्ट गाडीच्या काचा, आसने आणि छताची उंची लक्षात घेऊन ती जुळवलेली असते, आणि त्यामुळे कन्नड घाट चढताना इंजिन ओरडत असले तरी गाण्याचा तळ हरवत नाही.

परंतु याची किंमत मोजावी लागते, आणि ती निव्वळ यंत्रणेची नसते. सबवूफर हवा म्हणून सनरूफ, कातडी आसने आणि नको असलेल्या इतर सोयींसह सर्वांत वरची श्रेणी घ्यावी लागली, तर त्या फरकाच्या रकमेत बाहेरून याहून सरस यंत्रणा बसवता येते. मला त्या इतर सोयीही हव्या होत्या, म्हणून मी समाधानी आहे. केवळ बासपायी मी एवढे पैसे दिले नसते. आणखी एक गोष्ट तायांनी आणि दादांनी खरेदीपूर्वी पाहावी: स्पीकरची संख्या वाढली म्हणजे बास वाढलाच असे नाही, कारण त्यांतील बरेचसे फक्त वरचे स्वर वाजवणारे छोटे ट्वीटर असतात. यादीत 'सबवूफर' हा शब्द आहे का, ते विचारावे.

धुळे. सीएनजी टॅक्सी

डिकीत टाकी आहे, त्यामुळे पेटीवाला बुफर शक्य नव्हता. चालकाच्या आसनाखाली आठ इंची चपटा, स्वतःचा अॅम्प असलेला बुफर लावला. तो फार खोल जात नाही, पण बंद काचांत महामार्गावरही ठोका कळतो आणि प्रवाशांचे सामान अडत नाही. काच थोडी जरी उघडली तरी बास लगेच पातळ होतो, कारण दाब बाहेर निघून जातो.

जळगाव. विद्युत कार, चार स्पीकर

धुळ्याच्या सरांनी इंजिनाच्या सुराविषयी लिहिले आहे त्याची दुसरी बाजू माझ्याकडे आहे. माझ्या आधीच्या डिझेल गाडीतही साधेच स्पीकर होते, तरी या गाडीत, विशेषतः पन्नासच्या वेगाखाली, बास कितीतरी अधिक आहे असे घरातील सर्वांचे मत पडले. ऐंशीच्या पुढे टायरचा आवाज सुरू होतो आणि हा फरक बराचसा मिटतो.

चोपडा. पेट्रोल हॅचबॅक, पुढचे स्पीकर बदललेले

नवे स्पीकर लावूनही बास पूर्वीपेक्षा कमी का झाला, याचे उत्तर मला बराच काळ मिळत नव्हते. बसवणाऱ्या दुकानाने 'स्पीकर मोकळे होऊ द्या' एवढेच सांगितले. अखेरीस कळले की एका दरवाजात धन आणि ऋण वायरींची अदलाबदल झाली होती, म्हणजे एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जात होता आणि दोघे मिळून बास पुसून टाकत होते. तपासणी अगदी सोपी आहे. भरपूर बास असलेले गाणे लावून फेडरने (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणाऱ्या सोयीने) आवाज पूर्ण पुढे आणावा, मग बॅलन्स (डाव्या-उजव्या बाजूची तीच सोय) एका टोकाला नेऊन फक्त एकच बाजू वाजू द्यावी. एका बाजूवर बास वाढला आणि बॅलन्स मधोमध आणताच तो कमी झाला, तर एक वायर उलटी आहे. माझ्या गाडीत वायर सुलट करताच बास परत आला. ज्यांनी पुढचे स्पीकर बदलून घेतले आहेत त्यांनी पुढचा खर्च करण्याआधी ही तपासणी करावी आणि जे आढळेल ते येथे लिहावे.