मदत हवी आहे: कॉन्टॅक्टर सुटला की टीएफटी स्क्रीन पांढरी पडते

२.८ इंची टीएफटी (रंगीत एलसीडी), एसपीआय या सिरियल जोडणीवर चालणारा; ड्रायव्हर चिप आयएलआय ९३४१. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरपासून २० सेंमी रिबन केबल, क्लॉक ४० मेगाहर्ट्झ. त्याच पॅनेलमध्ये २३० व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच) छोट्या रिलेवरून चालतो. तो ओढताना (चालू होताना) काही होत नाही; सुटताना (बंद होताना) दहापैकी तीन-चार वेळा स्क्रीन पांढरीफटक. बॅकलाइट चालू, ईएसपी३२ च्या सिरियलवर नोंदीही येत राहतात. म्हणजे फक्त डिस्प्लेचा ड्रायव्हर रीसेट होतोय, असा अंदाज.

क्लॉक १० मेगाहर्ट्झवर आणल्यावर तुरळक रंगीत ठिपके थांबले, पांढरेपणा तसाच. डिस्प्लेला वेगळी बॅटरी देऊनही तेच, पण ग्राउंड अर्थातच सामाईक आहे. रिलेच्या कॉइलवर डायोड आहे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका त्याने थोडाच थांबणार!

आता कॉन्टॅक्टरच्या कॉइल टर्मिनलवरच १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (मेन्सवर लावण्याजोगा) कपॅसिटर सिरीजमध्ये, असा स्नबर (झटका शोषणारी जोडणी) लावतोय. रिलेच्या संपर्कांवर नको, कारण संपर्क उघडा असतानाही ५० हर्ट्झला सुमारे ७ मिलिअँपिअर गळती होईल.

विचारायचे ते असे. रीसेट पिनला डिस्प्लेच्या टोकाशी १० किलोओहम पुलअप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुरेल का? रिबनमध्ये क्लॉकशेजारी ग्राउंडची तार घेतली, तर ईएसपी३२ च्या टोकाला ३३ ओहमचे सिरीज रेझिस्टर तरीही लागतील? आणि डिस्प्लेची धातूची चौकट पॅनेलच्या अर्थला जोडावी की सर्किटच्या ग्राउंडला? दर दोन सेकंदांनी पुन्हा इनिशियलाइझ करण्याची युक्ती सुचवू नका, मूळ कारणच घालवायचे आहे.