गेटसमोरचा बसस्टॉप

बी-३०२ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. गेटसमोरचा बसस्टॉप पुढच्या चौकात हलवावा म्हणून सोसायटीतर्फे अर्ज द्यायचा आहे. गाड्या काढताना फार त्रास होतो. रविवारपर्यंत ऑफिसात येऊन सह्या कराव्यात.

ए-१०४: मी केली 👍 सकाळी ९ ला गाडी बाहेर काढायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

सी-६०१: काका, मी सही करणार नाही. मोठा मेसेज आहे, पण वाचा.

माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई गोवंडीच्या शिवाजीनगरहून चेंबूरला बसने येतात. चार घरं करतात, चारही आपल्याच सोसायटीत. जुलै २०१९ मध्ये बेस्टचं कमीत कमी तिकीट ८ चं ५ झालं, तेव्हा त्यांनी चालणं सोडून बस धरली. ९ मे २०२५ ला तेच तिकीट १० झालं. २६ दिवस, जाऊन-येऊन, २६० चे ५२० रुपये. रिक्षाचं तर नुसतं मीटर पडलं की २६.

त्यांनी आपल्याकडे पगारवाढ मागितली नाही, परतीची बस सोडली. दुपारी एकच्या उन्हात चालत घरी जातात. मागच्या आठवड्यात माझ्या दारातच मटकन खाली बसल्या. ओठ पांढरे पडलेले, पदर घामाने चिंब. लिंबूपाणी दिलं तेव्हा कुठे उठल्या, आणि पहिलं काय बोलल्या तर, "बी विंगच्या भाकऱ्या राहिल्यात."

आता सकाळचा स्टॉपही चौकात गेला, तर तिथून इथपर्यंत धड फुटपाथसुद्धा नाही. रात्रपाळीचे आपले वॉचमनही याच स्टॉपवर उतरतात.

ए-१०४: ताई, वाईट वाटलं वाचून. पण माझाही ऑफिसचा टाइम असतो ना. मागची गाडी दिसतच नाही.

बी-१०२: मी आजी लिहितेय, नातवाकडून टाइप करून घेतेय. ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. चार तास मशीनवर झोपून आलं की पायात त्राण राहत नाही. प्रत्येक वेळी टॅक्सी परवडत नाही, आम्ही बसनेच येतो. स्टॉपपासून लिफ्टपर्यंत ४२ पावलं आहेत, हे मोजत येतात. चौकातून आले तर मध्ये कुठे बसवू त्यांना?

ए-१०४: आजी, मला हे माहीत नव्हतं. सेक्रेटरी साहेब, माझी सही खोडा.

डी-२०३: गेटवर गोल आरसा लावूया का? आमच्या जुन्या सोसायटीत होता, वळणावरची गाडी स्पष्ट दिसायची. आणि सकाळी ८ ते १० वॉचमनने शिटी घेऊन बाहेर उभं राहायचं.

सी-६०१: आरशाचे पैसे मी देते. आणि ज्या चार घरी ताई येतात त्यांनी वरचे २६० आपसात वाटून घ्या. घरटी ६५ येतात. आजपासून.

बी-३०२ (सेक्रेटरी): अर्ज थांबवतो. रविवारी ११ वाजता मीटिंग, विषय आरसा. आजी, आजोबांना सांगा, स्टॉप आहे तिथेच आहे.