तातडीचे: पिकनिकच्या टी-शर्टवरचं नाव (आज दुपारी 12 पर्यंत कळवा)

प्रेषक: वैशाली
शुक्रवार, 30 जुलै 2021, सकाळी 8:10

मंडळी,

रात्री ज्यांनी एनबीएचा ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या टोरांटो रॅप्टर्सनी जेलन सग्जला सोडून स्कॉटी बार्न्सला घेतलं. आपल्या मुलांच्या 24 टी-शर्टच्या पाठीवर ‘सग्ज’ आणि खाली त्याचा 1 नंबर असं छापायला दिलंय. छपाईवाल्याशी आत्ताच बोलले. त्यातले 11 शर्ट काल संध्याकाळीच उरकलेत, 13 कोरे आहेत. सोमवारची सुट्टी जोडून आल्यामुळे तो आज 12 ला मशीन बंद करणार आणि थेट मंगळवारी उघडणार. पिकनिक रविवारी आहे.

छापलेलं नाव काढून दुसरं लावायचं तर शर्टामागे 5 डॉलर जादा. कोऱ्यांवर काहीही छापलं तरी ठरलेलाच दर.

मला एकच उत्तर हवंय: काय छापू? लवकर सांगा. आमचा धाकटा रात्री जेवला नाही.

वैशाली

---

प्रेषक: निखिल, मिसिसागा
सकाळी 8:31

वैशालीताई, काय छापायचं ते नंतर बघू. हे केलं काय आपल्या लोकांनी?

वर्षभर संघ कोविडमुळे अमेरिकेत टँपामध्ये बिऱ्हाडी राहिला. 27 जिंकले, 45 हरले. त्या सगळ्या हालातून एकच गोष्ट हाती आली होती, निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत सातव्या जागेवरून चौथ्यावर उडी. कनिंगहॅम, ग्रीन, मोब्ली हे तिघे आधी जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि त्याच क्रमाने गेले. चौथा सग्ज आपलाच होता, ताटात वाढलेला. आपला पॉइंट गार्ड लाउरी याचा करार संपतोय, तो 35 वर्षांचा आहे, त्याच्या जागी चेंडू कोण आणणार? आणि घेतला कोण? फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात बाकावरून उतरणारा स्कॉटी बार्न्स! तीन गुणांचे फटके शंभरात साडेसत्तावीस, फ्री थ्रो बासष्ट.

पुढच्याच नंबरला ऑरलँडोने सग्जला उचललं. मी टीव्ही बंद केला.

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)
सकाळी 8:44

नमस्कार,

मूळ खर्च युवा गटाच्या खात्यातून मंजूर आहे. 11 गुणिले 5 म्हणजे 55 डॉलर जादा, ते मंजूर नाहीत. खेळाडूचं नाव घालायचं हे कोणत्या बैठकीत ठरलं? माझ्या नोंदीत ‘पाठीवर मंडळाचं नाव’ असं आहे. निवड व्हायच्या आधीच नाव छापायला देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

वैशाली, राग मानू नकोस. पण दिवाळीच्या वेळचं प्रकरण मला पुन्हा नको आहे.

---

प्रेषक: रेखा (मराठी शाळा)
सकाळी 8:58

‘बार्न्स’ छापायचं ठरलं तर छपाईवाल्याला मी स्वतः फोन करते, दुसऱ्या कोणी करू नये. मागे शाळेच्या शर्टांवर त्याने ‘वर्ग’ छापताना रफार मागच्या अक्षरावर ठेवला होता आणि 30 मुलं ते घालून फिरली.

‘बार्न्स’मध्ये अर्धा न आणि रफार दोन्ही आहेत. रफार येतो स वर, न वर नाही. तो तुकडा नखाएवढा असतो. व्हिनाइलमधून वेगळा कापला तर दुसऱ्या धुण्यात निघून जातो. शिरोरेषेला जोडूनच कापायला सांगावं लागेल. ‘सग्ज’ला हा त्रास नव्हता. (ते ‘सग्झ’ हवं होतं असं मला दोघांनी सांगितलं. मराठीत ज चे दोन्ही उच्चार आहेत, ‘सग्ज’ बरोबर आहे.)

---

प्रेषक: अरुण, स्कार्बरो
सकाळी 9:20

निखिल, तुझा राग समजतो. पण एक सांगतो, थोडं लांबेल.

28 जून 1995 ला मी स्कायडोम स्टेडियममध्ये होतो. त्या वर्षीचा ड्राफ्ट टोरांटोतच झाला. दुपारची पाळी एका मित्राच्या गळ्यात घालून गेलो होतो. आपला संघ तोवर एकही सामना खेळला नव्हता. नाव होतं, टोप्या विकायला होत्या, खेळाडू नव्हते. आम्हा सगळ्यांना एड ओ’बॅनन हवा होता. यूसीएलए विद्यापीठाला त्याने नुकतंच कॉलेजचं अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. सगळा डोम त्याच्या नावाने ओरडत होता. माझ्या शेजारी एक गयानीज बापलेक होते, त्या पोराने पुठ्ठ्यावर त्याचं नाव रंगवून आणलं होतं.

सातवं नाव पुकारलं: डेमन स्टॉडमायर. उंची 5 फूट 10 इंच.

लोकांनी अशी हुर्यो उडवली की छत हललं असतं. मीही उडवली. दोन्ही हात तोंडाशी धरून, घसा फाटेस्तोवर. आणि तो पोरगा त्या आवाजातून चालत व्यासपीठावर आला. 21 वर्षांचा. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि ज्या गावासाठी खेळायचं तेच गाव त्याच्यावर ओरडत होतं.

3 नोव्हेंबरला आपला पहिला सामना झाला, तोही न्यू जर्सीशी. ओ’बॅनन त्यांनीच घेतला होता. आपण 94–79 जिंकलो. डेमनने त्या हंगामात सामन्याला 19 गुण आणि 9.3 असिस्ट (बास्केट करून देणारे पास) काढले, सर्वोत्तम नवोदित ठरला. मार्च 96 मध्ये जॉर्डनचा शिकागो, अख्ख्या हंगामात फक्त 10 सामने हरलेला शिकागो, आपल्याकडून 109–108 ने हरला. त्यात डेमनचे 30. ओ’बॅनन एनबीएत दोन हंगाम टिकला.

मला त्या हुर्योची आजही लाज वाटते. काल रात्री ते दुसरं पोरगं, बार्न्स, आपलं नाव ऐकून काय खूश झालं होतं! इथे यायला मिळालं म्हणून. 19 वर्षांचा आहे तो, परवा रविवारी होईल 20 चा. त्याला इथे पाऊल ठेवायच्या आधी नको म्हणू नका.

अरुणकाका

---

प्रेषक: निखिल, मिसिसागा
सकाळी 9:33

काका, तुमचा आदर आहेच. पण डेमन अडीच वर्षांत गेला, 98 मध्ये पोर्टलंडला. आणि धक्का देणारी प्रत्येक निवड स्टॉडमायर नसते. 2004 ला आठव्या नंबरवर राफाएल अराउजो घेतला तेव्हाही ‘थांबा, कळेल’ असंच सांगत होते. पाठोपाठ नववा गेला आंद्रे इग्वोडाला! 2006 ला पहिला नंबर हातात असताना बार्न्यानी. मी तेव्हा विद्यापीठात होतो, दोन नोकऱ्या करून एक तिकीट काढायचो. थांबायचं किती?

---

प्रेषक: समीर (शनिवारचा बास्केटबॉल गट)
सकाळी 9:51

निखिल, अराउजो आणि बार्न्यानीच्या वेळी संघाचा आत्ताचा कारभारी मसाई उजिरी नव्हता. त्याच्या कारकिर्दीत 27 वा सियाकाम आला, 23 वा अनुनोबी आला, ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला व्हॅनव्हलीट आला. सियाकाम आणि व्हॅनव्हलीट यांचा मोठा वाटा होता म्हणून 2019 ची अजिंक्यपदाची मिरवणूक आपण पाहिली. त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर रडत होतास, आठवतंय? (हो, त्यानेच 2014 ला ब्रुनो काबोक्लो घेतला, तेही मान्य. सगळे जमत नाहीत.)

आता खेळाचं बोलू. बार्न्स 6 फूट 9 इंच आहे, हात पसरले की 7 फूट 3 इंच. एवढ्या उंचीचा मुलगा समोरच्या पॉइंट गार्डला पूर्ण कोर्टभर अंगावर घेतो आणि चेंडू मिळाला की स्वतः घेऊन सुटतो. सामन्याला 10.3 गुण आणि 4.1 असिस्ट. बाकावरून उतरायचा हे खरं, 24 पैकी 7 सामन्यांतच सुरुवातीला उतरला, कारण तिथले प्रशिक्षक लेनर्ड हॅमिल्टन यांच्याकडे नऊ-दहा जणांना फिरवून खेळवायची पद्धतच आहे. तरीही एसीसी या कॉलेज-संघांच्या गटाचा सर्वोत्तम नवोदित तोच. शाळेत माँटव्हर्डला कनिंगहॅमबरोबर होता, 25 सामने, एकही हार नाही.

फटका कच्चा आहे, वाद नाही. पण फटका शिकवता येतो. सियाकामचा आपण डोळ्यांदेखत सुधारलेला पाहिला. मी शनिवारी 8 ते 14 ची मुलं खेळवतो. दुसऱ्याचा बास्केट झाल्यावर सगळ्यात जोरात ओरडणारं एखादंच पोर असतं, ते शिकवून येत नाही. बार्न्सच्या कॉलेजच्या चित्रफिती बघा, बाकावर बसलेला असतानाही तो उभाच असतो.

माझी एकच काळजी वेगळी आहे. सियाकाम, अनुनोबी, बार्न्स, तिघे साधारण एकाच मापाचे. गॅसॉल आणि इबाका गेल्यापासून मध्ये उंच माणूस नाही. त्याचं काय करणार ते दिसत नाही.

---

प्रेषक: सुहास, इटोबिको
सकाळी 10:02

चौथ्या नंबरवर एवढं बोलताय, 46 व्याबद्दल कोणीच बोलत नाही! डलॅनो बँटन. टोरांटोतल्या रेक्सडेलचा पोरगा. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. रॅप्टर्सनी ड्राफ्टमध्ये घेतलेला पहिला कॅनडियन, 26 वर्षांत पहिला! नेब्रास्काकडून 45 नंबर घालायचा, आणि आपल्या किपलिंग रस्त्यावरून धावणाऱ्या बसचा नंबरही 45. त्या बसने मी नऊ वर्षं कामाला गेलो.

टी-शर्टवर ‘बँटन’ आणि 45 छापा. रफार नाही, अर्धं अक्षर नाही, नुसता एक अनुस्वार.

---

प्रेषक: मीनल, ब्रॅम्प्टन
सकाळी 10:09

सुहास, अगदी बरोबर! सिम भुल्लरच्या वेळी आमच्या गल्लीत असाच आनंद झाला होता. इथेच वाढलेला, 2015 मध्ये सॅक्रामेंटोकडून उतरला, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला. माझे सासरे नागपाड्याचे, तिथले बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसिर यांचा खेळ त्यांनी मैदानाच्या कठड्यावर बसून पाहिलाय. टीव्हीवर भुल्लर आला तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

---

प्रेषक: सचिव
सकाळी 10:15

कृपया विषयाला धरून लिहावे. वैशालीला 12 च्या आत उत्तर हवे आहे. तसेच कोविडच्या नियमामुळे रविवारी बाहेरच्या कार्यक्रमाला 100 माणसांचीच मुभा आहे आणि नावं 97 झाली आहेत. ऐनवेळी पाहुणे आणू नयेत.

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)
सकाळी 10:22

सुहास, बँटन छापलं तरी 11 शर्टांवरचं सग्ज काढावंच लागेल. 55 डॉलर तेच.

---

प्रेषक: प्रशांत, ओकव्हिल
सकाळी 10:40

माझ्या खात्यावरून अनघाचं म्हणणं पाठवतोय. मराठी तिचंच, मी फक्त टाइप केलं.

“मी अनघा, 12 वर्षांची. मला सग्जचाच शर्ट हवा आहे. यूसीएलएच्या मॅचला 90–90 होते आणि ओव्हरटाइम संपत आला होता. त्याने अर्ध्या कोर्टाच्या जवळून टाकला, तो बोर्डाला लागून आत गेला आणि तो पळत जाऊन टेबलावर चढला. एप्रिलपासून मी रोज आमच्या ड्राइव्हवेच्या टोकावरून तो शॉट टाकते. आत्तापर्यंत चार वेळा गेला. तो ऑरलँडोला गेला म्हणून तो शॉट खोटा झाला का? बार्न्स आपला आहे, त्याच्यासाठी पण मी ओरडेन. पण शर्ट मला सग्जचा द्या. प्लीज नाव काढू नका.”

---

प्रेषक: अरुण, स्कार्बरो
सकाळी 10:48

पोरी, तुझं नाव त्या 11 मध्ये सगळ्यात वर. पाचवा गेला की मला फोन कर.

---

प्रेषक: निखिल, मिसिसागा
सकाळी 10:57

अनघाला शर्ट मिळालाच पाहिजे. माझ्या दोघांनाही सग्जचेच चालतील. छापलेल्यांतले अजून काही उरले तर मोठ्या मापाचा एक मी विकत घेतो. बार्न्सचं मला अजूनही पटलेलं नाही, समीर. पण ऑक्टोबरात सामने इथे घरी होणार असतील तर तिकीट काढणार आहे, तेवढं सांगतो.

---

प्रेषक: वैशाली
सकाळी 11:26

ठरलं. छापलेले 11 तसेच राहतील. मागितलेली नावं मोजली, नऊ झालीत, उरलेल्या दोनांतला मोठा निखिलचा. नाव काढायचं नाही, म्हणजे 55 डॉलरचा प्रश्नही नाही, श्रीकांतकाका.

13 कोऱ्यांपैकी 8 वर ‘बार्न्स’, 5 वर ‘बँटन 45’. बार्न्सचा नंबर अजून जाहीर नाही म्हणून त्या आठांवर आकडा घालत नाही, जागा मोकळी ठेवायला सांगितलीय. नंबर कळला की समीर त्याच्याकडच्या हीट प्रेसवर लावून देईल.

रेखाताईंनी स्वतः फोन केला. छपाईवाल्याने एक नमुना काढून फोटो पाठवला, रफार स वरच आहे आणि शिरोरेषेला जोडलेला आहे. त्यांनी मोठा करून दोनदा पाहिला, मग हो म्हणाल्या.

धाकट्याला विचारलं. तो अजून रुसलाय, पण बँटनचा घेतो म्हणाला, बस आवडते म्हणून.

शर्ट 4 नंतर माझ्या गॅरेजमधून न्या. पोहे कोण आणतंय ते अजून कोणी सांगितलेलं नाही.