हाताला ग्रोइन फ्लॅप सांगितलाय, नुसतं स्किन ग्राफ्ट का नाही चालत?

प्रश्न: भावाचा हात मशीनमध्ये सापडला, पंजाच्या मागच्या बाजूची कातडी पार सोलून निघालीय, आतले टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) उघडे दिसतात. सर्जन म्हणतात ग्रोइन फ्लॅप करायचा, म्हणजे हात जांघेतल्या कातडीला जोडून साधारण तीन आठवडे तसाच ठेवायचा. आई ऐकूनच घाबरलीय. मांडीची पातळ कातडी काढून लावतात ना, तेवढ्याने नाही का भागणार?

उत्तर १: ग्राफ्टला, म्हणजे त्या पातळ कातडीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, जिथे लावतात तिथूनच रक्त मिळवून ते जगतं. टेंडनवरचं पातळ आवरण निघून गेलं असेल किंवा हाड उघडं पडलं असेल तर ते धरत नाही, आणि धरलं तरी टेंडनला चिकटून बसतं मग बोटं हलणार कशी? फ्लॅपमध्ये कातडी, खालची चरबी आणि रक्तवाहिनी असं सगळं एकत्र येतं, त्यामुळे टेंडनला खालून सरकायला वाव राहतो. तीन आठवड्यांत हाताकडून नव्या रक्तवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात, मग जांघेकडचा देठ कापतात. मॅकग्रेगर आणि जॅक्सन या सर्जननी १९७२ ला मांडलेली पद्धत आहे, आजही वापरतात, आईंना तेवढं नक्की सांगा.

उत्तर २: माझ्या मिस्टरांचं झालंय हे. सगळ्यात जपायची ती झोप, कारण झोपेत हात ओढला जातो, कोपराखाली उशी द्या आणि रात्री कोणीतरी जवळ थांबाच. फ्लॅपचा रंग बघत राहायचा, पांढराफटक किंवा निळा-जांभळा वाटला तर सकाळची वाट बघू नका, लगेच नर्सला बोलवा. बिडी, सिगरेट, तंबाखू पूर्ण बंद!! रक्तवाहिन्या आकसतात त्याने.

उत्तर ३: मी फिजिओ आहे. लोक फ्लॅपकडेच बघत बसतात आणि इकडे खांदा, कोपर आखडतात. सर्जनने परवानगी दिली की मोकळी असतील ती बोटं पहिल्यापासून हलवायला लावा, दुखलं तरी थोडी थोडी. हात खाली राहिल्यामुळे सूजही येते. नंतर फ्लॅप जाडजूड दिसेल, तो काही महिन्यांनी पातळ करता येतो. दुसरे पर्याय म्हणजे फोरआर्मचा (कोपर ते मनगट भागातला) फ्लॅप किंवा मायक्रोसर्जरीने फ्री फ्लॅप, म्हणजे दुसरीकडची कातडी पूर्ण सुटी करून तिची रक्तवाहिनी हातातल्या रक्तवाहिनीला जोडतात, त्यात हात असा अडकून राहत नाही, पण ते रक्तवाहिन्यांची अवस्था बघूनच ठरतं. तेव्हा हे का नको म्हणाले ते सर्जनना सरळ विचारा.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे. उद्या राउंडला फ्री फ्लॅपचं विचारतोच, आणि बोटं कधीपासून हलवायची तेही.