मेंदी आणि आमचे लातूरचे मामा
ताई, लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीनं केस केशरी झाल्याचा तुमचा किस्सा वाचून आमचे लातूरचे मामा आठवले. लेकीच्या साखरपुड्याआधी त्यांनी पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी थापली अन् मांडवात डोकं पळसासारखं पेटलेलं! आजी तर ओळखेचना. मामांसकट सगळे पोट धरून हसले. शेवटी फेटा बांधला.

मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य पांढऱ्या केसाला केशरीच रंगवतं. काळा रंग हवा तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड लावायची, दुकानात इंडिगो पावडर म्हणून मिळते ती. पण घाईत ‘काळी मेंदी’ची पुडी नका हो आणू. त्यात बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं, काहींचा चेहरा सुजून डोळे मिटतात. अन् केसांना काहीही लावायचं असो, आधी कानामागं जरासं लावून ४८ तास थांबाच.