युद्ध संपल्यावरचा युद्धपट

युद्धपटात रणांगणच दाखवलं नाही तर नुसती बडबड उरते, असं काही जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. 2015 चा डॅनिश 'लँड ऑफ माइन' बघाच. गोष्ट 1945 ची, युद्ध संपल्यानंतरची. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर जर्मनांनी पेरलेले सुरुंग काढायला जर्मन युद्धकैदीच जुंपले होते. चित्रपटात तर मिसरूडही न फुटलेली पोरं आहेत. वाळूत पालथं पडून काठी खुपसायची, काही टणक लागलं की हाताने वाळू सारायची आणि डिटोनेटर, म्हणजे सुरुंगाचा स्फोट घडवणारा भाग, हळूहळू फिरवून काढायचा. एकही लढाई नाही, तरी छाती धडधडत राहते. इतर युद्धपटांतल्या मोठ्या चकमकीत कोण पडलं हे कळायच्या आत दृश्य पुढे सरकतं. इथे प्रत्येक पोराचा चेहरा ओळखीचा झालेला असतो.