झाडाच्या बुंध्यावर फळीसारखं उगवलंय, ही कुठली अळंबी?

पाऊलवाट:
रस्त्याकडेच्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत, आडव्या फळीसारखं काहीतरी आलंय, वरून लालसर तपकिरी, वॉर्निश मारल्यासारखं चकचकीत, कडेला पांढरी पट्टी आणि हाताला लाकडासारखं कडक. आजूबाजूला तपकिरी पूड पडलीये. वर वाळक्या फांदीवर नखाएवढे पांढरे केसाळ पंखे आहेत ते वेगळेच. नावं कळतील का? खाण्यातली आहेत का? आणि झाडाला काही होईल का?

हिरवळ:
वरून काढलेल्या फोटोवर ठरवू नका, खालून बघा. खाली कल्ले (छत्रीखाली असतात तशा पातळ पट्ट्या) आहेत की सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं? भोकं असली आणि पांढऱ्या भागावर नखाने ओरखडा काढल्यावर तो तपकिरी पडला तर गॅनोडर्मा असणार, ती पूड म्हणजे त्याचेच बीजाणू. पंखे मला स्किझोफायलम वाटतायत, त्याचे कल्ले मधोमध उभे चिरलेले असतात, असे दुसऱ्या कुठल्या अळंबीत सहसा दिसत नाहीत.

मातीचा वास:
खायचं डोक्यातून काढा प्लीज. लाकडावर गॅलेरिना नावाची छोटी तपकिरी छत्री येते, तिच्यात अमॅटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष असतं, उकळलं तरी जात नाही. त्रास सुरू व्हायला ६ ते १२ तास किंवा जास्तही लागतात, मग मध्येच बरं वाटतं आणि आतून लिव्हर खराब होत असतं. शिवाय रस्त्यावरच्या अळंबीत गाड्यांच्या धुरातले जड धातू साठतात ते वेगळंच.

फांदी:
झाडाचं म्हणाल तर फळी खरवडून उपयोग नाही, ते नुसतं फळ आहे, खरी बुरशी आत लाकडात पसरलेली असते आणि गॅनोडर्मा लाकडाला घट्टपणा देणारं लिग्निनच खाते. फांदीवर असतं तर मी एवढी काळजी केली नसती, पण बुंध्यालगत म्हणजे मुळं पोखरलेली असू शकतात, पानं हिरवीगार असली तरी झाड वाऱ्यात पडतं. जाणकाराकडून तपासून घ्याच.

पाऊलवाट:
आत्ताच बघून आले. भोकंच आहेत आणि ओरखडा लगेच तपकिरी झाला. पंख्यांच्या कडा आत वळल्या होत्या, पाणी शिंपडल्यावर हळूहळू उघडल्या, कल्ले खरंच चिरलेले! बुंध्याच्या मागच्या बाजूला अजून दोन फळ्या सापडल्या, त्यामुळे उद्याच तपासायला सांगते, खाली रोज गाड्या लागतात.